मदत हवी आहे: गेटिसबर्गच्या लढाईत हुकूम वरून खालपर्यंत पोचायचा कसा?

नमस्कार मंडळी, अमेरिकन यादवी युद्धाचा अभ्यास असलेलं कुणी इथे असेल तर प्लीज मदत करा. आम्ही मेरीलँडला राहतो, पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत आणि बाबांना गेटिसबर्ग बघायचंच आहे. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, त्यामुळे तोफेशेजारी फोटो काढून त्यांचं समाधान होणार नाही. फोनवरच प्रश्न सुरू झालेत आणि ते इतके मुद्द्याचे आहेत की मला त्यांना मैदानावर उभं राहून नीट उत्तरं द्यायचीयत.

कागदावरची रचना मी वाचलीय. साधारण १०० जणांची कंपनी, तिच्यावर कॅप्टन, १० कंपन्यांची रेजिमेंट, तिच्यावर कर्नल, मग तीन ते पाच (कधी जास्त) रेजिमेंटची ब्रिगेड, त्यावर डिव्हिजन, त्यावर कोअर आणि सगळ्यात वर आर्मी. जुलै १८६३ ला उत्तरेचा आर्मी कमांडर मीड याच्याकडे पायदळाच्या ७ कोअर आणि घोडदळाची एक, दक्षिणेचा आर्मी कमांडर ली याच्याकडे पायदळाच्या ३ च, पण एकेक बरीच मोठी. इथपर्यंत ठीक. पण बाबा विचारतात की बटालियन कुठाय? आपल्याकडे प्रत्यक्ष लढते ती बटालियन, आणि इथे प्रत्येक दगडावर रेजिमेंटचं नाव.

दुसरं म्हणजे वायरलेस नाही, काळ्या दारूचा धूर एवढा की पन्नास पावलांवरचं दिसायची मारामार, मग कर्नलला कोण सांगायचं की आता पुढे जा किंवा मागे सर?

आणि जो प्रश्न मलाही छळतोय तो म्हणजे २ जुलैचा. त्या दुपारी उत्तरेच्या तिसऱ्या कोअरचा कमांडर सिकल्स याने आपली अख्खी कोअर ठरलेली लाइन सोडून पीच ऑर्चर्डकडे जवळजवळ किलोमीटरभर पुढे नेली, हुकूम नसताना. दहा हजारांच्या आसपास माणसं हलतात आणि आर्मी कमांडरला कळत नाही हे कसं शक्य आहे? बाबा तर म्हणाले, "हुकूम नसताना जागा सोडली तर आमच्यात कोर्ट मार्शल." शिवाय तोफखाना नक्की कुणाचा, पायदळाच्या जनरलचा की वेगळ्या प्रमुखाचा, हेही कुणी सांगा. लिंका नकोत, तुमच्या शब्दात समजावलंत तर बरं होईल.

प्रतिसाद १

बाबांना सांगा की त्यांचा प्रश्न बरोबर आहे. या युद्धात बहुतेक पायदळी रेजिमेंट म्हणजे एकच बटालियन, त्यामुळे मधली पायरीच नाही. आणि रेजिमेंटचा १००० चा आकडा फक्त भरतीच्या दिवशीचा. राज्यं जुन्या रेजिमेंटमध्ये माणसं भरण्यापेक्षा नव्या रेजिमेंट उभ्या करायची (नवी रेजिमेंट म्हणजे गव्हर्नरच्या हातात नवीन अधिकाऱ्यांच्या नेमणुका), म्हणून गेटिसबर्गला पोचेपर्यंत कित्येक रेजिमेंट तीनशे-चारशेवर आल्या होत्या. विसाव्या मेनमध्ये (मेन राज्याची रेजिमेंट) तेव्हा चारशेही नव्हते.

लढाईत कर्नलला सगळी माणसं दोन रांगांत आवाजाच्या टप्प्यात ठेवावी लागायची, आवाज पोचला नाही तर ढोल, बिगुल आणि मुख्य म्हणजे झेंडा. झेंडा पुढे गेला की लाइन पुढे, म्हणून झेंडेकरी सगळ्यात आधी मरायचे आणि तरी दुसरा कुणीतरी उचलायचा. ब्रिगेडच्या वर सगळा कारभार घोडेस्वार एडीसींवर (जनरलच्या हाताखालचे मदतनीस अधिकारी), चिठ्ठी नाहीतर तोंडी निरोप. स्वार वाटेत मेला, किंवा अर्ध्या तासाने पोचला आणि तोवर परिस्थिती बदलली, हे रोजचंच.

प्रतिसाद २

सिकल्सबद्दल. तो वेस्ट पॉइंटचा (अमेरिकेची लष्करी अकादमी) नव्हे, न्यूयॉर्कचा राजकारणी. त्याला नेमून दिलेली जागा सखल वाटली, समोरची उंच, आणि परवानगीचा घोळ चालू असतानाच तो पुढे गेला. मीड स्वतः घोड्यावरून पोचला तेव्हा लीचा कोअर कमांडर लाँगस्ट्रीट याच्या तोफा सुरू झाल्या होत्या, मागे घेण्याची वेळ गेली होती. कोर्ट मार्शल झालं नाही. त्या संध्याकाळी त्याचा पाय गेला आणि मीडने त्याची कोअरही दुसऱ्या कोअरचा कमांडर हॅनकॉक याच्याकडे सोपवली. माझ्या मते सिकल्सने हजारो माणसं विनाकारण उघड्यावर नेली, पण त्याची बाजू घेणारे आजही आहेत.

पण बाबांना लिटल राऊंड टॉपवर नक्की न्या, कारण तिथे त्याच तासात हुकमाची साखळी तुटूनही काम झालं. मीडचा चीफ इंजिनिअर वॉरन टेकडीवर चढला तर तिथे सिग्नलवाल्यांशिवाय कुणी नाही. त्याने सिकल्सकडे माणसं मागितली, नकार आला, मग पाचव्या कोअरच्या साइक्सकडे निरोप गेला, साइक्सचा स्वार डिव्हिजन कमांडर बार्न्सला शोधत निघाला. वाटेत ब्रिगेड कमांडर व्हिन्सेंटने त्याला अडवलं, हुकूम काय ते विचारलं आणि बार्न्सची वाट न बघता स्वतःच्या जबाबदारीवर चार रेजिमेंट घेऊन वर गेला. टोकाला विसावी मेन, कर्नल चेंबरलेन, त्याला एवढंच सांगितलं की काहीही झालं तरी ही जागा सोडायची नाही. व्हिन्सेंट त्याच टेकडीवर जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. हुकूम नसताना हलले दोघेही, फक्त व्हिन्सेंटला वरच्याचा हेतू माहीत होता.

लीचं तर सगळं यावरच चालायचं. काय हवं ते कोअर कमांडरला सांगायचं, कसं ते त्याच्यावर. कोअर कमांडर जॅक्सन होता तोवर जमलं, तो मे १८६३ मध्ये गेला, लीने दोनच्या तीन कोअर केल्या, यूएल आणि हिल दोघेही त्या पदावर नवे. १ जुलैच्या संध्याकाळी यूएलला निरोप गेला की जमत असेल तर सेमेटरी हिल ही टेकडी घे, यूएलने नाही घेतली.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, व्हिन्सेंटचं बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, ते बराच वेळ त्यावरच बोलत होते. तोफखान्याचं राहिलं, आणि मैदानावर कोण कुठल्या ब्रिगेडचा हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

उत्तरेकडे प्रत्येक कोअरला स्वतःची तोफखाना ब्रिगेड, शिवाय आर्मीचा वेगळा राखीव तोफखाना, आणि सगळ्यांवर तोफखाना प्रमुख हंट. ३ जुलैला दक्षिणेच्या दीडशेच्या आसपास तोफा सुरू झाल्या तेव्हा हंट म्हणाला गोळे वाचवा, पायदळ येईल तेव्हा लागतील, तर हॅनकॉक म्हणाला माझ्या माणसांचा धीर सुटेल, उलटा मारा करा. दुसऱ्या कोअरच्या तोफांनी हॅनकॉकचं ऐकलं, दक्षिणेकडच्या मॅकगिल्व्हरीच्या राखीव तोफा बऱ्याच अंशी गप्प राहिल्या आणि दक्षिणेचा डिव्हिजन कमांडर पिकेट याची माणसं उघड्या मैदानात आली तेव्हा त्यांनीच बाजूने झोडपलं. लीने राखीव तोफखाना आधीच मोडून कोअरमध्ये वाटून टाकला होता, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्या तोफांना एका हाताने चालवणारं कुणी नव्हतं.

ओळखायचं सोपं आहे. ब्रिगेडच्या पाट्या बघा, चौकोनी चौथरा म्हणजे उत्तरेची, गोल म्हणजे दक्षिणेची. उत्तरेच्या स्मारकांवर बऱ्याच ठिकाणी कोअरचा बिल्ला कोरलेला असतो: पहिली कोअर वर्तुळ, दुसरी तीन पानं, तिसरी पत्त्यांतली चौकट, पाचवी माल्टीज क्रॉस, अकरावी चंद्रकोर, बारावी तारा. टोपीवर त्याचा रंग डिव्हिजन सांगायचा, लाल पहिली, पांढरा दुसरी, निळा तिसरी. मीडचं हेडक्वार्टर असलेलं लायस्टरबाईंचं छोटं घर चुकवू नका, २ जुलैच्या रात्री सगळे कोअर कमांडर त्याच खोलीत बसले आणि थांबायचं की मागे हटायचं यावर एकेकाचं मत घेतलं गेलं. तिथून पिकेटच्या हल्ल्याची जागा चालत जाण्यासारखी आहे, उन्हात निघू नका, बाबांना पाणी बरोबर द्या.