पिकअपची टकटक आणि सुहासने आणलेले हेडर्स

विषय: पिकअप – उद्या दोन हात हवेत
प्रेषक: सुहास (फ्रीमॉन्ट)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, रात्री ११:१०

मंडळी,
मंडळाच्या पिकअपची टकटक परत सुरू झालीय. गेल्या वर्षी निदान पाच मिनिटांत थांबायची, आता इंजिन तापलं तरी चालूच. काल उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढून टॉर्च मारला. फायरवॉलकडच्या, म्हणजे केबिनच्या बाजूच्या, शेवटच्या बोल्टचं डोकं उडालंय, मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करणारी बिडाची नळी) काळा फराटा आहे. त्याच्या पुढचा बोल्टही सैल वाटतोय.
मी जुन्या, वापरलेल्या हेडर्सचा (मॅनिफोल्डऐवजी लावायच्या नळ्या) जोड घेतलाय, १८० डॉलरला. आपल्या ५.३ लिटरच्या इंजिनाला बसतो म्हणाला विकणारा. उद्या ८ वाजता माझ्या ड्राइव्हवेत लागू, दुपारपर्यंत उरकेल. ब्रेकर बार कुणाकडे आहे? माझा ज्यांनी नेलाय त्यांना माहीत आहे.
३० ला गणपतीची मिरवणूक, ट्रेलर ओढायला दुसरी गाडी नाही.

---

विषय: उत्तर: पिकअप – उद्या दोन हात हवेत
प्रेषक: उषाताई (खजिनदार)
शुक्रवार, ११:३८

सुहास, १८० डॉलर कुणाला विचारून? १०० च्या वरचा खर्च आधी कमिटीत यायचा, हे मखराच्या प्रकरणानंतरच ठरलंय. आणि उद्या राखीपौर्णिमा आहे. सकाळी ८ ला कोण येणार?

---

विषय: उत्तर: उत्तर: पिकअप – उद्या दोन हात हवेत
प्रेषक: मंदार (सॅन होजे)
शनिवार, ९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

थांब. काही खोलू नकोस. आधी हेडर्सचा फोटो टाक. शॉर्टी आहेत की लाँग ट्यूब?
शॉर्टी मूळ मॅनिफोल्डच्याच जागी बसतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) आहे तिथेच राहतो. लाँग ट्यूबच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथेच नेमका कन्व्हर्टर येतो, म्हणजे तो कापून मागे सरकवावा लागणार. कॅलिफोर्नियात ते चालत नाही.
दुसरं, त्यावर ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, आहे का? एअर रिसोर्सेस बोर्डाचा, 'डी'ने सुरू होणारा. नुसता नंबर असून भागत नाही, त्या यादीत आपलं वर्ष आणि इंजिन असावं लागतं. आपली २००५ ची आहे आणि रजिस्ट्रेशन सप्टेंबरात. म्हणजे स्मॉग चेक (धुराची तपासणी) याच महिन्यात.

---

प्रेषक: सुहास
शनिवार, सकाळी ७:१५

फोटो जोडलाय. नळ्या माझ्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत येतात. स्टिकर बिकर काही नाही.
पण स्मॉगवाला आता फक्त कॉम्प्युटर लावतो. २००० पासूनच्या गाड्यांना शेपटीत नळी घालणं बंद झालं की!

---

प्रेषक: मंदार
शनिवार, सकाळी ७:३१

नळी घालणं बंद झालं, डोळे उघडे ठेवणं नाही. बॉनेट उघडून बघतातच. तिथे बिडाच्या गंजक्या मॅनिफोल्डऐवजी चकचकीत नळ्या दिसल्या की पहिला प्रश्न नंबर कुठाय. हे लाँग ट्यूब आहेत. आपल्या गाडीला नकोत.
मुळात रोग हेडर्सचा नाहीच. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. दोन्ही तापून सारख्या मापाने फुगत नाहीत, आणि मधल्या मधे ८ मिमीचा बोल्ट कातरला जातो. शेवटचाच बहुतेक. त्यात आपण दरवर्षी ट्रेलरवर अख्खं स्टेज लादतो.

---

प्रेषक: नानाकाका
शनिवार, सकाळी ८:०५

चि. सुहास, चि. मंदार,
ही गाडी मी अध्यक्ष असताना घेतली, त्यामुळे दोन शब्द. इतकं खोलायची गरज नाही. कराडला आमच्याकडे मॅटॅडोर होती. खंबाटकीत चढावर सायलेन्सरचा जोड सुटला, आवाज असा की पुढची एस.टी. बाजूला झाली. ड्रायव्हरने तुपाचा डबा कापून पत्रा गुंडाळला, वरून तार आवळली. पुण्याला पोचलो, परतही आलो, आणि तो पत्रा पुढे दोन वर्षं होता.
गाडीला हात लावण्याआधी मला एक फोन करत जा.

---

प्रेषक: शिल्पा (ढोल पथक)
शनिवार, सकाळी ८:२०

नानाकाका, गेल्या गणपतीत हीच गोष्ट सांगितलीत तेव्हा घाट पसरणीचा होता!
बाकी मला एवढंच विचारायचंय, हेडर्सने आवाज वाढतो ना? पार्कची परवानगी या वर्षी कशीबशी मिळालीय. ढोलाच्या आवाजावर बोलणी खाऊ, पिकअपच्या आवाजावर नको.

---

प्रेषक: नानाकाका
शनिवार, सकाळी ८:४१

कराडहून पुण्याला जाताना पसरणी कशाला लागेल? पसरणी वाईहून पाचगणीला. खंबाटकीच होता.

---

प्रेषक: सुहास
शनिवार, सकाळी ८:५०

पत्र्याने भागणार नाही काका. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी आहे. बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. भुर्दंड पंपावर.
मंदार, मग क्लॅम्प लावू का? हेडच्या टोकाला मोकळी भोकं असतात, तिथे बसतो आणि मॅनिफोल्ड बाहेरून दाबून धरतो. मोडका तुकडा काढायलाच नको.

---

प्रेषक: मंदार
शनिवार, सकाळी ९:०२

क्लॅम्प वाईट नाही, पण तू म्हणतोस पुढचाही सैल आहे. तो फक्त शेवटचं टोक दाबणार. मी वेल्डर घेऊन निघालोय. काल रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारलं होतंस ना?

---

प्रेषक: उषाताई
शनिवार, सकाळी ९:०४

सुहासच्या ड्राइव्हवेत नको! त्यांच्या एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) पत्र दोनदा आलंय, दुसरं मंडळाच्या नावाने. माझ्या गॅरेजमध्ये या. पण गाडीखाली पुठ्ठे अंथरा, आणि दुपारी नारळीभात खाऊनच जायचं. भाऊ ११ ला येतोय, तेवढ्यापुरतं गॅरेजचं दार बंद ठेवा.

---

विषय: पिकअप – अहवाल
प्रेषक: मंदार
शनिवार, रात्री १०:४५

झालं. दुपारपर्यंत नाही, रात्री साडेनऊला.
मॅनिफोल्ड काढल्यावर मोडका बोल्ट जेमतेम दोन सूत बाहेर दिसत होता. त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरला. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे टाका त्याला धरत नाही, ही एक देवाची कृपा. पहिला नट उपटून हातात आला. दुसऱ्या वेळी पूर्ण गार होऊ दिलं, मग थोडं पुढे, थोडं मागे, आणि आला. ड्रिल लावावं लागलं नाही. तुकडा काढायचा एक्स्ट्रॅक्टर आत मोडला असता तर मिरवणूक बैलगाडीने.
जुन्या मॅनिफोल्डला पोलादी पट्टी लावली तर मागच्या टोकाला उजेड दिसला. वाकलंय. सुहास जंकयार्डातून दुसरं घेऊन आला, ४५ डॉलर. तेवढ्यात माझा भात गार झाला. स्टीलच्या पापुद्र्यांचं गॅस्केट घातलं, सहाही बोल्ट नवे, मधून बाहेर अशा क्रमाने आधी ११ आणि मग १८ फूट-पाउंडने आवळले. यापुढे कुणी 'जरा आणखी आवळतो' म्हणून पान्यावर उभं राहू नये. गेल्या वर्षी कोण उभं होतं ते मी लिहीत नाही.
टकटक गेली.
एक लफडं आहे. वेल्डिंगआधी बॅटरी काढली, त्यामुळे कॉम्प्युटरची सगळी पाटी कोरी झाली. त्याच्या अंतर्गत तपासण्या परत पूर्ण होईपर्यंत स्मॉगवाला पास करणार नाही. आपल्या वर्षाच्या गाडीला फक्त इव्हॅपची (पेट्रोलच्या वाफेची) एक अपुरी चालते, बाकी सगळ्या झालेल्या हव्यात. त्यासाठी रात्रभर गार झालेली गाडी सुरू करून थोडी गावात, थोडी फ्रीवेवर एका वेगाने, असं काही दिवस चालवायला लागेल. ट्रेलर न लावता.

---

प्रेषक: उषाताई
रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ७:२०

बिलं पाठवा. ४५ आणि गॅस्केट-बोल्टचे मंडळ देईल. १८० चे नाही. आणि त्या नळ्या माझ्या गॅरेजात राहिल्यात. त्या स्टोरेजमध्ये मखरावर नेऊन ठेवू नका, थर्माकोलचे खांब आधीच दोन मोडलेत.

---

प्रेषक: सुहास
रविवार, सकाळी ७:४८

विकायला टाकल्यात. १५० ला. फोटोत तुमचा तुळशीचा कट्टा आलाय, चालेल ना?

---

प्रेषक: नानाकाका
रविवार, सकाळी ८:००

चालवायचीच आहे तर किल्ली माझ्याकडे द्या. मी सोमवारी पहाटे लिव्हरमोरच्या देवळात जातोच. ६८० ने वर, मग ५८०. मंदार म्हणतो तसा फ्रीवेही होईल आणि गावही. येताना वाटेत थांबलो तर चालेल का?

---

प्रेषक: मंदार
रविवार, सकाळी ८:०३

चालेल काका. फक्त टाकी पूर्ण भरू नका, पाव ते पाऊण मधे ठेवा, नाहीतर इव्हॅपची तपासणी सुरूच होत नाही. आणि टकटक ऐकू आली तर पत्रा गुंडाळू नका, फोन करा.

---

प्रेषक: शिल्पा
रविवार, सकाळी ८:१५

काका, लिव्हरमोरला जाताय तर रिकाम्या पिकअपमध्ये माझे चार ढोल न्याल का? ढोलाचं पान बदलून देणारे तिथेच राहतात. वाटेत खंबाटकी नाही.