मदत हवी आहे : वादळी वाऱ्यात शिडाच्या नौकेची प्रात्यक्षिक परीक्षा

येत्या शनिवारी माझी शिडाच्या नौकेच्या कप्तानपदाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि त्या दिवसासाठी ब्यूफोर्ट श्रेणी (वाऱ्याचा जोर सांगणारे माप) ७ चा, म्हणजे २८ ते ३३ नॉट वेगाचा, वारा वर्तवला आहे. माझा आजवरचा बहुतेक सराव मात्र श्रेणी ४ पर्यंतच झाला आहे.

सर्वांत जास्त काळजी पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेण्याच्या कसरतीची वाटते. गेल्या आठवड्यात जोरदार वाऱ्यात, माणसाच्या जागी टाकलेल्या तरंगत्या बोयाजवळ मी पोहोचलो खरा, पण नौकेचा वेग वेळेत कमी झाला नाही, तो ओढून घेण्याची लांब दांड्याची आकडी बोयाला घासून निसटली आणि शिडांच्या फडफडाटात माझी एकही आज्ञा सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही.

अशा वाऱ्यात मोठे शीड बंदरातच दोन टप्प्यांनी आखडून निघावे, की परीक्षकांना ते समुद्रात करून दाखवणे अपेक्षित असते? माणूस पडताच पुढचे शीड वाऱ्याच्या बाजूला ताणलेले ठेवून नौका आधी थोपवावी का? आणि लाटा सहकाऱ्यांना झेपणार नाहीत असे दिसल्यास बंदर न सोडण्याचा माझा निर्णय परीक्षक कसा पाहतील? ज्यांनी अशा हवेत परीक्षा दिली किंवा घेतली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.