मदत हवी आहे: प्रेसिडेंट कूलिजचा स्विमिंग पूल साध्या हवेवर करावा का?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता अडलंय. सप्टेंबरात मी आणि माझा बडी (डाइव्हचा जोडीदार) ब्रिस्बेनहून वानुआतूला जातोय, सांतो बेटाजवळचं एसएस प्रेसिडेंट कूलिज बघायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९३१ साली पाण्यात उतरलेलं हे १९९ मीटर लांबीचं आलिशान अमेरिकन जहाज युद्धात सैनिक वाहायला लागलं, आणि २६ ऑक्टोबर १९४२ ला आपल्याच बाजूने पेरलेल्या सुरुंगांवर गेलं. कप्तानाने ते किनाऱ्यावर चढवलं म्हणून पाच हजारांवर माणसं उतरली. दोघेच गेले. त्यातला सैन्याचा कॅप्टन युअर्ट (जहाजाचा कप्तान नव्हे) सुखरूप बाहेर पडला होता. दवाखान्यात अडकलेल्यांसाठी तो परत आत शिरला.

जहाज आता डाव्या कुशीवर पडलंय. पुढचं टोक साधारण २० मीटरवर, मागचं टोक ७० च्या आसपास. 'द लेडी' हे युनिकॉर्नवालं शिल्प ४० मीटरवर, ते जमेल. माझा जीव अडकलाय तो ५५ मीटरवरच्या स्विमिंग पुलात. जहाज आडवं झाल्यामुळे पूलही उभा झालाय, फरशांची भिंत! मालवणला सहा मीटरवर पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरलेल्या माणसाला याचं वेड का लागू नये?

बडी म्हणतो, "अरे, तिथे वर्षानुवर्षं लोक साध्या हवेवर जातात." खरं आहे, जातात. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका बुडीत जहाजावर, ४२ मीटरला, मी प्रेशर गेज तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा हात खाली केला की आकडा विसरलो. बडीने पाटीवर लिहिलं, 'किती बार?', म्हणजे सिलिंडरात दाब किती उरलाय. मी हसून ओकेची खूण केली. मला तेव्हा फार छान वाटत होतं, हीच भीती.

हिशेबही मांडला. वर मला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ५५ मीटरवर दाब साडेसहा बार, म्हणजे १३० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरांची जोडी २०० बारने भरली तर ४,८०० लिटर. तिसऱ्या हिश्श्याच्या नियमाने (एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव) जायला १,६००. जेमतेम बारा मिनिटं, आणि त्यातच खाली उतरणंही आलं.

माझ्याकडे ट्रायमिक्सचं (गुंगी कमी व्हावी म्हणून हेलियम मिसळलेल्या वायूचं) प्रमाणपत्र आहे, अनुभव मात्र सात डाइव्हचा. तिथे हेलियम मिळतो का, आगाऊ सांगावं लागतं का, साधारण खर्च किती? कोणी अलीकडे जाऊन आलंय का?

प्रतिसाद १
मी बारा वर्षांपूर्वी पूल हवेवर केलाय. फोटो आहेत, आठवण नाही. यातच तुमचं उत्तर आलं.

नार्कोसिस (खोलीवर नायट्रोजनने येणारी गुंगी) सोडा, वायूची घनता बघा. ५५ मीटरवर साधी हवा लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे जाते, ६.२ च्या वर जाऊ नये म्हणतात. एवढी जड हवा ओढताना कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी आणखी वाढते. १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियमचं ट्रायमिक्स) घेतलंत तर घनता ५.२ च्या आसपास राहते, आणि गुंगी हवेवर २६ मीटरला असते तेवढीच. हेलियमचं तिथल्या डाइव्ह केंद्राला आजच ईमेल करून विचारा, तिथे पोचल्यावर नको.

एक सुख आहे. डाइव्ह किनाऱ्यावरूनच होते, त्यामुळे डेको (वर येताना वाटेत थांबायचा वेळ) दोरीला लटकून काढावा लागत नाही. उतारावर प्रवाळात मासे बघत वेळ जातो.

प्रतिसाद २
आत शिरणार असाल तर रील (परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीची रीळ) न्या. जहाज आडवं आहे, दरवाजे जमिनीत आणि छतात येतात. फिन एकदा चुकीची मारली की गाळ उठतो आणि टॉर्चसमोर चहा. शिवाय पहिल्याच दिवशी पूल नको. आधी २५-३० वर दोन डाइव्ह, मग लेडी, मग बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बडीला धागा पाठवला. 'फोटो आहेत, आठवण नाही' हे वाचून तो गप्प बसला. आता ठरलंय असं: हेलियम मिळाला तर पूल, नाहीतर लेडीला नमस्कार करून मागे. केंद्राला ईमेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहितो. तोवर एक शंका: ५० टक्के नायट्रॉक्सचा (निम्मा ऑक्सिजन असलेल्या हवेचा) एकच डेको सिलिंडर पुरेल, की सहा मीटरवरच्या थांब्यासाठी शुद्ध ऑक्सिजन वेगळा न्यावा?