मदत हवी आहे: सोलापुरात डिजिटल मानव्यविद्येचा गट टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवाळीनंतर आम्ही तिघांनी डिजिटल मानव्यविद्येचा गट काढला. (नावावरूनच निम्मे लोक बिचकतात. हल्ली मी 'जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर वाचायची, शोधायची, नकाशावर मांडायची' एवढंच सांगतो.)

पहिल्या रविवारी चाळीस माणसं. पाचव्या रविवारी चार, त्यात मी आणि आमची ही.

चूक माझीच. पहिल्याच बैठकीत मी फळ्यावर टीईआयच्या खुणा लिहायला घेतल्या. मजकुरात कुठलं नाव माणसाचं, कुठलं गावाचं, हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून त्या लावतात. पण ज्याच्यासमोर मजकूरच नाही, तो खुणा कशाला लावेल?

रंगली ती एकच बैठक. शहराच्या पूर्व भागातली एक विद्यार्थिनी आजोबांची हातमागाची हिशेबवही घेऊन आली. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं घर. पानाच्या डावीकडे तेलुगूत विणकरांची नावं, पुढं मोडीत रकमा आणि कडेला पेन्सिलीनं देवनागरीत 'उचल दिली'. रकमा एका निवृत्त काकांनी लावल्या, नावं मुलीच्या आजीनं फोनवरून सांगितली. एके ठिकाणी 'मग्गम' आलं. आजी म्हणाल्या, माग. शेजारचा कानडी मुलगा लगेच, 'आमच्यात मग्ग!' एका पानाला दीड तास लागला. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

मग माती खाल्ली. पोरांनी वहीचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, वही घरी परत गेली. फोटो मोठे करून बघतो तर मोडीची वळणं एकमेकांत मिसळलेली.

तर विचारायचं असं, की माणसं टिकतील असं काम कुठून सुरू करू? तीन लिप्यांचं पान टंकायचं कसं? आणि विद्यार्थ्यांना याचं काही श्रेय मिळतं का? फुकट किती दिवस राबवणार?

— मराठीचा मास्तर

मोडीप्रेमी:
व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचे, नाहीतर ते दाबून लहान होतात. त्याहून बरं म्हणजे केबल लावून थेट कॉपी करा. पान सपाट, मोबाइल स्टँडवर, उजेड खिडकीचा. फाइलला त्याच दिवशी वही आणि पान क्रमांकाचं नाव द्या.

मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, त्यामुळे मोडी मोडीतच टंकता येते. तेलुगू तेलुगूत ठेवा, आणि प्रत्येक ओळीखाली देवनागरी लिप्यंतर द्या. सगळं देवनागरीत ओतलंत तर वहीचा जीवच जाईल. फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, त्यातला मराठीचा संच देवनागरी छपाईसाठी आहे. हस्तलिखितं वाचणाऱ्या ट्रान्स्क्रायबस सॉफ्टवेअरला एखादं हस्ताक्षर शिकवता येतं, पण त्याआधी बरीच पानं माणसानंच वाचून द्यावी लागतात. म्हणजे काका आणि आजी हव्यातच!

पूर्वभागकर:
सर, राग मानू नका, पण कॉलेजात बैठक म्हटल्यावर आमच्याकडची म्हातारी माणसं येतात का ओ? ज्याची वही त्याच्या गल्लीत बसा की. आणि एक सांगतो, कुणाला किती उचल दिली ते नावासकट नेटवर टाकू नका. त्यांची नातवंडं इथंच राहत्यात.

लाल-पिवळा-हिरवा:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. घरच्या वहीसाठी घरच्यांची लेखी संमती घ्या, त्यांच्या भाषेत वाचून दाखवून.

छापील पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत बघा, म्हणजे लोकांनी मिळून टंकलेल्या जुन्या पुस्तकांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय. पान तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पडताळलं की हिरवं. दुसरा माणूस लागतोच, त्यामुळे गट आपोआप जमतो. फक्त लेखक जाऊन साठ वर्षं उलटलेली, म्हणजे कॉपीराइट संपलेली पुस्तकं घ्या. श्रेयाचं म्हणाल तर नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, त्यात हे बसवा. देशपातळीवर 'धरती' नावाची डिजिटल मानव्यविद्येची संघटना आहे, तिकडची माणसंही जोडून घ्या.

पार्क चौकातला:
वह्या कशाला? १९३० च्या मार्शल लॉचा नकाशा करा. अख्खं शहर येईल.

मराठीचा मास्तर:
सर्वांचे आभार. पार्क चौकातले, मोह मलाही होतो. मे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. पण त्यावर बरंच लिहिलं गेलंय. ही वही मात्र कपाटात पडून आहे, आणि ती वाचणाऱ्या आजी एकोणऐंशीच्या आहेत. आधी वही.

पूर्वभागकर, राग कसला, कान धरलात ते बरं झालं. आजींशी आजच बोललो. येत्या रविवारी त्यांच्याच ओसरीवर बसतोय. फोटो पुन्हा काढू, नावं झाकूनच बाहेर देऊ. टीईआयचं नावही काढणार नाही.

आता एकच अडचण. आजींना जुनं जोडाक्षरी तेलुगू सगळंच लागत नाही. हस्तलिखित तेलुगू वाचणारं कुणी साखर पेठ, भवानी पेठेच्या आसपास असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जेवण आमच्याकडे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी.