'झीज' या शब्दाची व्याप्ती : वाळवंटी खडकांच्या डिजिटल चित्रणाच्या संदर्भात

प्रश्न : डिजिटल निसर्गचित्रांत वाळवंटातील खडक हुबेहूब कसे उभे करावेत, यावर मी मराठीत टिपणे लिहीत आहे. भूदृश्ये घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील 'इरोजन' या क्रियेला मी सर्वत्र 'झीज' असा शब्द वापरला आहे. तो योग्य आहे का? 'डिस्प्लेसमेंट'साठी 'विस्थापन' आणि 'नॉईज'साठी 'गोंगाट' हे शब्द चालतील का?

उत्तर : 'झीज' हा शब्द चुकीचा नाही, मात्र तो एकट्याने पुरत नाही, आणि त्याचे अपुरेपण थेट चित्रात उतरते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'झिजणे' या क्रियापदात घासले जाणे गृहीत आहे. सहाण झिजते, उंबरठा झिजतो, नाण्यावरची अक्षरे झिजतात. या प्रत्येक ठिकाणी वस्तू हळूहळू गुळगुळीत होते आणि तिचे कोपरे बोथट होतात. हाच अर्थ मनात धरून खडक घडवला, तर तो वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. वाळवंटातील उभा कडा मात्र बहुतांशी घासून नव्हे, तर तुटून घडलेला असतो. अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅली पाहावी. तेथे डी शे नावाचा कठीण वालुकाश्म ऑर्गन रॉक या मऊ शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाच्या, थरावर उभा आहे. खालचा मऊ थर भुगा होऊन निघून गेला की वरच्या वालुकाश्माचा आधार जातो, त्याच्या उभ्या सांध्यांवर भेग पडते आणि अख्खी शिळा खाली येते. त्यामुळे माथा कितीही आक्रसला तरी कडा उभाच्या उभा राहतो. या घटनेला 'सुटणे', 'निखळणे', 'ढासळणे' ही क्रियापदे शोभतात. ती मराठीत आहेत आणि 'झिजणे' यापेक्षा कितीतरी नेमकी आहेत.

भूगोलाच्या शालेय पुस्तकांनी हे भेद पूर्वीच करून ठेवले आहेत. खडक जागच्या जागी कमकुवत होतो आणि फुटतो ते 'विदारण'. सुटलेला माल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येतो ती 'विस्तृत झीज'. वारा किंवा पाणी जमीन कोरते ते 'खनन'. आणि त्यानंतर 'वहन' व 'संचयन'. सॉफ्टवेअरमधील 'इरोजन' या एका नावाखाली या साऱ्या क्रिया एकत्र कोंबलेल्या असतात. १९८९ मध्ये मस्ग्रेव्ह, कोल्ब आणि मेस यांनी संगणकीय भूदृश्यांसाठी जी पद्धत मांडली, तिच्यातही दोन वेगळ्या क्रिया होत्या : वाहत्या पाण्याने गाळ उचलणे व टाकणे, आणि तीव्र उतारावरचा सुटा माल ठरावीक कोन येईपर्यंत खाली घसरणे. दुसऱ्या क्रियेला सॉफ्टवेअरमध्ये सहसा 'थर्मल' म्हणतात. या नावावरून उष्णतेने खडक वितळत असावा असा समज होतो, म्हणून टिपणात तिला सरळ 'घसरण' म्हणावे, असे मी सुचवीन. तिच्यातून कड्याच्या पायथ्याशी जो सुट्या दगडांचा उतार तयार होतो, त्याला गिर्यारोहक 'घसारा' म्हणतात. याहून चांगला शब्द मला ठाऊक नाही. कोरड्या वाळूचा असा उतार साधारण ३४ अंशांवर थांबतो. घसाऱ्याविना उभा असलेला कडा जमिनीत खुपसल्यासारखा दिसतो.

'वाऱ्याने कोरलेले खडक' या ठरून गेलेल्या शब्दप्रयोगाबद्दलही सावध राहावे. युटामधील ब्राइस कॅन्यनचे सुळके मुख्यत्वे फटींत गोठणाऱ्या व वितळणाऱ्या पाण्याने आणि पावसाने घडलेले आहेत, आणि वाळवंटातही क्वचित येणारा लोंढा पुष्कळ काम करून जातो. वाऱ्याबरोबरची वाळू बहुतांशी जमिनीलगतच्या एक-दोन मीटरांत उडते, म्हणून तिची खूण खडकाच्या पायथ्याशी शोधावी. 'भूछत्र खडक' या नावातच ते रूप आले आहे : खाली बारीक देठ, वर रुंद टोपी. वाऱ्याने कोरलेल्या लांबट खडकांसाठीचा 'यारदांग' हा शब्द मात्र तसाच ठेवावा. तो मध्य आशियातील उइगुर भाषेतून स्वीडिश प्रवासी-संशोधक स्वेन हेडिन यांच्या लेखनाद्वारे भूगोलात आला. यारदांगांचे कणे प्रचलित वाऱ्याच्या दिशेने लांबलेले असतात आणि बारखाण या चंद्रकोरीच्या आकाराच्या वालुकागिरीची शिंगेही वारा जिकडे वाहतो तिकडेच वळतात. एकाच चित्रात ही दोन्ही रूपे दोन वेगळ्या दिशांना असली, तर जाणत्याला ते लगेच खटकते.

रंगाविषयी एकच शब्द सुचवतो : 'वाळवंटी रोगण'. लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा आणि चिकणमातीचा हा अतिशय पातळ, गडद थर खडकावर चढायला हजारो वर्षे लागतात. म्हणून जेथून शिळा नुकतीच निखळली आहे, ती जागा आजूबाजूच्या खडकापेक्षा फिकट दाखवावी. 'निखळणे' हा शब्द मनात असला, की ही फिकट जागा चितारायचे आपोआप सुचते.

आता उरलेले दोन शब्द. 'गोंगाट' मुळीच नको. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये मांडलेला नॉईज म्हणजे सलग बदलत जाणाऱ्या, यादृच्छिक वाटणाऱ्या आकड्यांची रचना. तिचा आवाजाशी संबंध नाही, म्हणून 'नॉईज' हाच शब्द ठेवावा. 'विस्थापन' भौतिकशास्त्रात रूढ आहे. परंतु सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने घरदार सुटलेली माणसे येतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील पर्यायाचे नाव 'डिस्प्लेसमेंट' असेच द्यावे आणि क्रिया 'पृष्ठभाग सरकवणे' अशी सांगावी. 'बम्प' या दुसऱ्या पर्यायापासूनचा त्याचा फरकही त्यामुळे स्पष्ट होतो, कारण बम्पमध्ये केवळ छायाप्रकाश बदलतो आणि खडकाची कडेची रेषा सपाटच राहते.

पुरवणी प्रश्न : मग 'हाईटमॅप'ला 'उंची-नकाशा' म्हटले तर?

उत्तर : अवश्य म्हणावे, कारण त्याची मर्यादा त्या नावातच आहे. त्यात प्रत्येक बिंदूला एकच उंची असते. कडा जवळजवळ उभा करता येतो. परंतु कपार, कमान किंवा भूछत्र खडक करता येत नाही, कारण तेथे एकाच बिंदूवर खडक, त्याखाली हवा आणि त्याखाली पुन्हा जमीन असते. असे खडक स्वतंत्र मेश (त्रिमितीय जाळीचा आकार) म्हणून घडवून भूभागावर बसवावे लागतात, आणि 'कडा' व 'कपार' हे शब्द टिपणात काटेकोरपणे वेगळे ठेवले, तर कोणता खडक कोणत्या पद्धतीने करायचा हे वाचकाला तेथेच कळेल.