आमच्या वेळी नव्हतं म्हणे हे डिप्रेशन!

दहिसरची_आई: परवा इथे एका काकांनी लिहिलं, ‘पोरांना पहाटे उठवा, मन आपोआप खंबीर होतं. मानसिक आरोग्य ही श्रीमंतांची थेरं, आमच्या वेळी नव्हतं हे.’ डोक्यात गेलंय, म्हणून लिहितेय. लेक सहावीत. बस 6:25 ला. रोज ब्रश तोंडात धरून बाथरूमच्या दाराला टेकून झोपतो. बाबा लोकलने घरी येणार साडेनऊला, त्याचं तोंड न बघता झोपवू? होतात जेमतेम सात तास. या वयाला 9 ते 12 लागतात. शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. मागच्या महिन्यात पेपर हातात पडताच रडायला लागला. शाळेतून फोन, ‘घरी काही टेन्शन आहे का?’ आहे. तुमची 7 ची घंटा.

गिरगावचा_म्हातारा: ते काका मीच. चाळीत पाचला नळ यायचा, बादल्यांच्या खडखडाटात उठायचो. काय बिघडलं? रात्री अकरापर्यंत मोबाइल देता आणि शिव्या शाळेला!

दहिसरची_आई: मोबाइल आठला बंद होतो आमच्याकडे. आणि तुम्ही नऊला घोरत होतात, तेही लिहा की.

पिवळी_बस: 2024 ला सरकार म्हणालं, चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी नकोत. छान! नऊला एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमधून बस काढून दाखवा. शाळा दोन शिफ्टमध्ये, वर्ग तेच. दुपारची पोरं गच्चीवर बसवायची?

दहिसरची_आई: माझा सहावीत आहे. त्याला तो नियमही नाही.

बी_विंग_कांदिवली: झोपेचं राहू द्या, पोरं खेळतात कुठे? आमच्या कंपाउंडमध्ये 14 गाड्या. बॉल लागला की सेक्रेटरी बॉल जप्त करतो. दिवसभर कोंडलेलं पोर रात्री झोपेल कसं?

दोन_गाड्यावाला: बॉनेटला पोचा आला त्याचे पैसे तुम्ही देणार? पार्किंगचे पैसे भरतो मी.

बी_विंग_कांदिवली: सहा वर्षांच्या पोरीच्या प्लास्टिकच्या बॉलने पोचा?

दोन_गाड्यावाला: सीझन बॉल होता. फोटो आहे.

बी_विंग_कांदिवली: दुसरी गाडी कोणाच्या जागेत उभी असते, त्याचाही टाका!

दहिसरची_आई: अहो, माझ्या मुलाबद्दल चाललंय इथे! टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला मी, 14416. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मग धीर करून डॉक्टर गाठला. म्हणे, आधी झोप भरून काढा, मग बाकीचं बघू. ती कुठून आणू?

गिरगावचा_म्हातारा: माझा धाकटा भाऊ नववीत शाळेला जाईना. रोज सकाळी पोटात दुखायचं, रविवारी नाही. वडिलांनी पट्ट्याने मारलं, आईने अंगारा लावला. शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा ‘नव्हतं’ म्हणालो ते मागे घेतो. पहाटे उठण्याचं घेत नाही.

दहिसरची_आई: उपकार झाले. भाऊ कसे आहेत आता?

दोन_गाड्यावाला: फोटो टाकलाय. बघा पोचा.