पिंगुळी + सिंधुदुर्ग किल्ला एका दिवसात जमेल का? मदत हवी आहे

बेळगावहून आंबोलीमार्गे कुडाळजवळच्या पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला आंगण बघायला जायचंय. गुरांच्या गोठ्यातच उभं केलेलं म्युझियम आहे. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. ते उभं करणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हापासून मनात आहे. पुढे मालवणला होडीने सिंधुदुर्ग किल्लाही करायचा बेत. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून दिवाळीनंतरचा रविवार धरलाय.

गाडी स्वतःची. सोबत सासूबाई (गुडघेदुखी, पण किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं (शिवाजी महाराजांचं) मंदिर बघायचंच म्हणतात) आणि दोन मुलं. मुक्काम करता येणार नाही, सोमवारी शाळा. अंधारात आंबोली घाट चढायचा नाही, म्हणजे मालवणहून दुपारीच निघावं लागेल. म्युझियमचा नेटवर मिळालेला नंबर लागत नाही. सावंतवाडीच्या पाहुण्यांना विचारलं तर "या की, बघू" एवढंच! नुसत्या काचेतल्या बाहुल्या बघून मुलं कंटाळतील, खेळ बघायला मिळाला तरच मजा.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: चार-पाच माणसांसाठी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात का, की मोठा ग्रुपच लागतो? होडीत चढता-उतरताना सासूबाईंना कितपत जमेल? आणि आधी पिंगुळी करावं की मालवण?